एकच पार्ट, तीन देश: डिझाइनची माहिती सगळीकडे सारखी कशी पोहोचवायची?

बुटीबोरी_मशिनिंग
नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत ॲल्युमिनियम हाउसिंगचं मशिनिंग चालतं. डिझाइन जर्मनीचं, तोच पार्ट मेक्सिकोतही बनतो. २०० एच७ चा बोअर (२०० मिमीचं भोक; एच७ हा त्याच्या टॉलरन्सचा, म्हणजे चालणाऱ्या फरकाचा वर्ग) इथे ओके, पण मे महिन्यातला लॉट जर्मनीत अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान ठरला. मेक्सिकोला हा त्रास नाही. ते वेगळं काय करतात, ते कळायला मार्ग नाही. ड्रॉइंग मेलवर, फोटो व्हॉट्सॲपवर, बदलांची यादी कुणाच्या तरी एक्सेलमध्ये. हे सगळं एका जागी आणायचं तर सुरुवात कुठून करावी?

मापनकक्ष_हिंगणा
भाऊ, आधी बोअरचं बघू, कारण माहिती नेमकी कुठे गळते ते त्यातच दिसतं. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसची असतात. आयएसओ १ हे मानकच तसं सांगतं, म्हणून डिझायनर ते वेगळं लिहीत नाही. मे महिन्यात शॉपफ्लोअर ४२ अंशांवर असेल, तर फरक २२ अंशांचा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टीलची सेटिंग रिंग (जिच्यावर गेज शून्याला लावतात ती) साडेअकरा. २०० मिमीवर दोघांत ५० मायक्रॉनचा फरक पडतो, आणि २०० एच७ चा अख्खा टॉलरन्सच ४६ मायक्रॉन! गेजवर बोअर मोठा दिसतो, ऑपरेटर मशीनवरचा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) कमी करतो, आणि २० अंशांच्या खोलीत तोच बोअर लहान निघतो. गेज दोन्हीकडचे बरोबरच असतात.

अंतिम तपासणीला पार्ट आणि रिंग दोन्ही एसी कक्षात रात्रभर ठेवा. मशीनवर मोजताना पार्टला टेकवून तापमान घ्या, हवेचं नको; कटिंगनंतर पार्ट हवेपेक्षा गरम असू शकतो. रिपोर्टमध्ये मापाशेजारी पार्टचं तापमान, रिंगचं तापमान, रिंग कशाची आणि गेज नंबर लिहा. मेक्सिकोकडूनही हेच चार रकाने मागवा, निम्मं कोडं तिथेच सुटेल.

डिझाइन_डेस्क
न लिहिलेलंच जास्त नडतं, हे अगदी खरं. ड्रॉइंगला आयएसओ ८०१५ हे मानक लागू असेल तर माप आणि आकार स्वतंत्र तपासतात: शाफ्टचा व्यास बरोबर असूनही तो वाकडा असू शकतो. अमेरिकन वाय १४.५ या मानकात व्यासाच्या मर्यादेतच आकारही बांधलेला असतो. आयएसओत तो बांधायला वर्तुळातलं ई चिन्ह लागतं. जुन्या ड्रॉइंगवर आयएसओ २७६८-एमके (वेगळा टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठीचं सर्वसाधारण मानक) दिसलं तरी विचारा. त्यातला आकाराचा भाग, म्हणजे २७६८-२, २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

थ्रीडी मॉडेल स्टेप एपी २४२ या फाइल-प्रकारात मागा. एपी २०३ मधून बहुतेक वेळा नुसती भूमिती येते, टॉलरन्स मागे राहतात. फाइलच्या नावात रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) आणि बदल-सूचनेचा नंबर असावा. ‘फायनल’, ‘लेटेस्ट’ असली नावं बंद. नवी रिव्हिजन लागली की मशीनला चिकटवलेली जुनी प्रिंट परत घ्याच.

बुटीबोरी_मशिनिंग
खूप आभार. अजून एक: पिनला सी४५ स्टील लिहिलंय, इथे ईएन८ स्टील पटकन मिळतं. चालेल का?

मापनकक्ष_हिंगणा
परस्पर बदलू नका. ईएन८ मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, सी४५ मध्ये ०.४२ ते ०.५०. इंडक्शन हार्डनिंगनंतर (विजेने पृष्ठभाग तापवून कडक केल्यावर) कडकपणा कमी पडू शकतो. भारतीय ४५सी८ जवळचं आहे, पण त्यालाही लेखी डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं करायची परवानगी) घ्या, नगसंख्या आणि मुदत लिहून.

प्रोसेस_इंजिनीअर
मोठं सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी प्रत्येक अडचणीचं एक पान करा: पार्ट नंबर, रिव्हिजन, लक्षण, कारण, पुरावा, काय बदललं, मंजुरी कुणाची. फसलेले प्रयोगही त्यात हवेत, नाहीतर तेच प्रयोग मेक्सिकोत पुन्हा होतील. माझ्या मते सर्वांत मोलाचा रकाना ‘का’ हा. एच७ बेअरिंग बसवायला आहे की नुसत्या लोकेशनला, हे डिझायनरने लिहिलं तरच इथला माणूस चांगला पर्याय सुचवू शकेल.

मेक्सिकोवाले त्याच कंपनीचे आहेत की स्पर्धक पुरवठादार, ते आधी पक्कं करा. स्पर्धक असतील तर स्पीड, फीड, फिक्स्चर देऊ नका. ग्राहकामार्फत फक्त दोष आणि कारण जाऊ द्या. गोपनीयतेचा करार वाचूनच.

बैठक नागपूरच्या संध्याकाळी साडेसहाला ठेवा. तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात तीन, हिवाळ्यात दोन, आणि मेक्सिको सिटीत सकाळचे सात वाजलेले असतात.