मदत हवी आहे: घरी येऊन भावाला चालायला लावतात, फोटो काढतात. हे चालतं का?

तापीकाठचा
लवकर सांगा कोणीतरी, उद्या परत येणार आहे तो. माझा मोठा भाऊ अपंग आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. परवा तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल आला, ओट्यावर उभा राहून म्हणाला दोन पावलं चालून दाखव. भाऊ बनियनवर होता, मागे आईची धुणी वाळत होती, तसाच फोटो काढला. खाली तारीख, वेळ, ठिकाण सगळं येतं तसला फोटो. म्हणे वर पाठवायचा आहे. पैसे बंद होतील असंही म्हणाला. असं करता येतं का?

केळीवाला_रावेर
कोणत्या पायाला पोलिओ आहे? टक्केवारी किती? अपंगत्वाचं कार्ड कोणत्या रंगाचं? चाळीसच्या खाली पांढरं, त्यावर पिवळं, ऐंशीपासून पुढे निळं.

तापीकाठचा
पोलिओ कोण म्हणालं? ५० टक्के आहे. रंगाचं काय घेऊन बसलात, फोटोचं सांगा.

शिक्षक_अमळनेर
आधी शीर्षकाखालचा शब्द बदला. अपंग नाही, दिव्यांग. आपल्या राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून त्या नावाचा स्वतंत्र विभाग आहे.

केळीवाला_रावेर
गुरुजी, घर जळतंय आणि तुम्ही शुद्धलेखन तपासताय.

निवृत्त_नायब
मी अठ्ठावीस वर्षं महसुलात काढली. पडताळणी होते आणि व्हायलाच पाहिजे. हयात आहे का, गावातच राहतो का, उत्पन्न किती, हे तलाठी आणि कोतवालाने बघायचंच. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचललेले मी स्वतः पकडलेत. तुमच्या भावाकडे खरं प्रमाणपत्र असेल तर फोटोला घाबरता कशाला?

वकीलताई_धुळे
नायबसाहेब, हयात बघा, पत्ता बघा, कोण नाही म्हणतंय. पण अपंगत्व किती हे ठरवायचा अधिकार कोतवालाला कोणी दिला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते काम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचं आहे. शंका असेल तर लेखी नोटीस द्या आणि जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीला पाठवा. ओट्यावर चालून दाखव ही तपासणी नव्हे, तमाशा आहे.
तापीकाठचा भाऊ, तीन गोष्टी सांगा. कोतवालाकडे लेखी आदेश होता का? गावात इतरांकडे गेला का, की फक्त तुमच्याकडे? आणि अचानक आत्ताच का?

खान्देशी_भो
काबर घाबरस रे भो. आमना गावमा बी हाईच चालू शे. दोनशे रुपया हातमा ठेव, फोटोबी निंघत नही.

वकीलताई_धुळे
कृपा करून असले सल्ले देऊ नका. एकदा दिले की दर महिन्याला फोटो निघतो.

तापीकाठचा
आदेशबिदेश काही दाखवला नाही. फक्त आमच्याकडेच आला. कारण एक व्हिडिओ. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला भाऊ नाचला होता, ते कोणीतरी काढलं. अठरा सेकंदांचा आहे. गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "हा बघा आपला अपंग". आता चार महिन्यांनी तोच व्हिडिओ तहसीलला गेला म्हणतात.

निवृत्त_नायब
मग तसं सांगा ना! नाचणारा माणूस बघितल्यावर कोणीही विचारणारच. खोटं निघालं तर त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तापीकाठचा
खोटं नाही. अठरा सेकंद नाचला, त्या रात्री अडीच वाजता रिक्षा करून दवाखान्यात नेला. तीन दिवस सलाईन. मांडीच्या हाडातून कळ येते तेव्हा दाताखाली टॉवेल धरतो तो, ओरडू नये म्हणून. त्याचा व्हिडिओ काढायला कोणी नव्हतं.

पावरा_डॉक्टर
सिकलसेल का, रक्ताचा आनुवंशिक आजार?

तापीकाठचा
हो. मुद्दामच लिहिलं नव्हतं. घरी बहिणीची बघणी चालू आहेत. गावाला फक्त हाडाचा त्रास माहीत आहे. आणि आता ग्रुपवर व्हिडिओमागोमाग भावाच्या कार्डाचा फोटोही आलाय. त्यावर अपंगत्वाचा प्रकार छापलेला असतो. कार्डाची झेरॉक्स आम्ही फक्त एकाच ठिकाणी दिली होती. आई दोन दिवस जेवली नाही.

पावरा_डॉक्टर
नंदुरबारला असले पेशंट रोज बघतो. चांगल्या दिवशी माणूस शेतात जाईल, नाचेल, सायकल चालवेल. थंडी, पाणी कमी, दमणूक, ताप, काहीही निमित्त होतं आणि वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, कळ तिथून येते. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे तो याचसाठी. ज्या दिवशी बघाल त्या दिवसावरून काहीच कळत नाही. बहिणीची तपासणी झाली आहे का? वाहक असेल तरी तिला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण जोडीदारही वाहक निघाला तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के...

तापीकाठचा
डॉक्टरसाहेब, बहिणीचं मी विचारलेलं नाही.

पावरा_डॉक्टर
बरोबर. चुकलं माझं.

लंडनस्थ_जळगावकर
इकडे इंग्लंडातही हेच. अपंग भत्त्यावरच्या माणसामागे सरकारी खातं गुप्तपणे माणसं लावू शकतं, पण त्यासाठी २००० सालचा कायदा आहे, आधी अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. २०२५ मध्ये तर बँकांकडून काही भत्त्यांच्या खात्यांची माहिती मागवायचाही कायदा झाला. लोक प्रचंड चिडलेत.

केळीवाला_रावेर
भाऊ, इथं मंजुरी कोतवालाच्या मोटरसायकलवरच असते.

जामनेरची_सून
माझ्या सासूची लाडकी बहीणची केवायसी होत नाहीये, ओटीपी येतच नाही. कोणाला माहीत आहे का?

शिक्षक_अमळनेर
ताई, वेगळा धागा काढा. (आधारला जोडलेला नंबर बंद पडला असेल. बघा.)

खान्देशी_भो
पेपरमा देऊन टाक भो, एका दिवसात सरळ होतील.

वकीलताई_धुळे
पेपरवाला नाव छापेल आणि उरलेला तालुकाही वाचेल. नको.
हे बघा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. सरकारला त्यात शिरायचं तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूला लागेल तेवढंच शिरायचं. हयात बघायला बनियनवरचा फोटो लागत नाही. आणि कार्ड ग्रुपवर टाकायला तर कसलाच हेतू नाही.
कोणी आयटी कायद्याचं कलम ६६ई सांगेल, ते लागू नाही, ते गुप्तांगांच्या फोटोंपुरतं आहे. तुमच्यासाठी २०१६ च्या कायद्याचं कलम ९२: लोकांदेखत अपमान करून अपंग व्यक्तीला हिणवणं, सहा महिने ते पाच वर्षं.

निवृत्त_नायब
ग्रुप म्हणजे लोकांदेखत होतो का? कोर्टात टिकेल?

वकीलताई_धुळे
गावातले दोनशे-अडीचशे लोक असलेला ग्रुप असेल तर मी तरी तसं मांडेन. आधी ग्रुपमध्ये भांडू नका. व्हिडिओ, कार्डाचा फोटो, टाकणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. कोणी टाकलं?

तापीकाठचा
चुलतभाऊ. बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे.

केळीवाला_रावेर
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता.

निवृत्त_नायब
ठीक आहे, मीही थोडं घाईने बोललो. उद्या कोतवाल आला तर दारातच नम्रपणे सांगा, "भाऊ, आदेशाची प्रत द्या, मग काय ते." नसेल तर तो आत यायचा नाही. मग तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज: कोणत्या आदेशाने पडताळणी केली त्याची प्रत द्यावी, लाभ बंद करायचा असल्यास आधी लेखी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं, फेरतपासणी हवी तर जिल्हा रुग्णालयात यायला तयार आहोत. आजाराचं नाव अर्जात घालू नका, कार्ड क्रमांक पुरे. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस. तक्रार मांडायला जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.
या महिन्याचे २५०० आले का?

तापीकाठचा
नाही. त्यानेच तर घाबरलो.

निवृत्त_नायब
गावात दुसऱ्या कोणाचे आले?

तापीकाठचा
विचारलं. कोणाचेच आलेले नाहीत अजून.

केळीवाला_रावेर
😑

तापीकाठचा
(दुसऱ्या दिवशी) कोतवाल आला होता. आदेश मागितला तर म्हणाला आदेश नाही, तोंडी सांगितलंय. कोणी, ते सांगेना. फोटो मोबाइलवरून पुसायला लावला, माझ्यासमोर पुसला, पुढे पाठवला होता का देव जाणे. अर्ज देऊन आलो. आवक खिडकीतल्या बाईंनी शिक्का उलटा मारलाय, चालतो का?

निवृत्त_नायब
तारीख वाचता येते का?

तापीकाठचा
येते.

निवृत्त_नायब
चालतो. झेरॉक्स काढून ठेवा. आणि या वेळी झेरॉक्स कुठे देताय ते बघून द्या.