शिरोलीतले २४,००० की चाकणचे ३८,०००? (चर्चा मंचावरील प्रश्न आणि उत्तरे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

शिरोलीचा सेटर

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका लहान मशीन शॉपमध्ये व्हीएमसी (धातू कापणारे संगणकीय मशीन) सेटर म्हणून ९ वर्षे ४ महिने काम करत आहे. वय ३५, शिक्षण आयटीआय मशिनिस्ट. पगार २०,६०० रुपये असून त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहेत. ओव्हरटाइमचे साधारण ५,५०० धरले आणि पीएफ, ईएसआय (कामगार विमा), व्यवसाय कर वजा केले, की हातात २४,००० च्या आसपास येतात. घर स्वतःचे आहे, गावातून मोटारसायकलने वीस मिनिटांत कामावर पोहोचतो, दोन म्हशींचे दूध डेअरीला जाते आणि पत्नी घरीच ब्लाउज शिवून महिन्याला चार-पाच हजार मिळवते.

आता पुण्याजवळच्या चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे पत्र आले आहे. नोकरी तीन वर्षांच्या मुदतीची असून सीटीसी महिना ३८,००० लिहिली आहे. ही रक्कम पाहुण्यांत सगळ्यांना कळली आहे आणि "चौदा हजारांवर पाणी सोडतोस व्हय?" हे मला रोज ऐकावे लागते. चाकणला कुटुंबासह राहायचे तर ९,००० च्या आत घर मिळणार नाही, असे तिथला मित्र सांगतो. आईला मधुमेह आहे आणि तिची औषधे ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. मुलगा चौथीत आहे, मुलगी अजून अंगणवाडीत जाते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेली सहा वर्षे मी त्याच तीन पंप बॉडीच्या कास्टिंगचे जॉब लावतो आहे. डोळे मिटून फिक्स्चर (जॉब घट्ट धरणारी चौकट) बसवता येते, आणि याचीच आता भीती वाटू लागली आहे. ज्यांनी असा बदल केला आहे किंवा पगाराचे हिशेब जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पगारपत्रक

मी एका कारखान्यात वेतन विभागात काम करतो, त्यामुळे आधी आकड्यांबद्दल लिहितो. आपण २४,००० ची तुलना ३८,००० शी करत आहात, पण पहिली रक्कम हातात येणारी आहे आणि दुसरी सीटीसी, म्हणजे कंपनीला होणाऱ्या एकूण खर्चाची आहे. पत्राला जोडलेला तक्ता आपण दिलेला नाही, म्हणून अशा पत्रांत जी विभागणी नेहमी दिसते ती धरून मांडतो. मूळ वेतन १९,००० असेल, तर कंपनीचा पीएफचा हिस्सा १५,००० च्या मर्यादेवर १,८०० आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे ९१४. विम्याच्या हप्त्याचे ५०० आणि वर्षाअखेरीस मिळणाऱ्या प्रोत्साहन रकमेचे महिन्याला २,००० धरले, तर पगारपत्रकावर एकूण ३२,८०० च्या आसपास उरतात. त्यातून आपला पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० आणि बस-कॅन्टीनचे ९०० गेले, की हातात २९,९०० येतील. म्हणजे फरक चौदा हजारांचा नसून सहा हजारांच्या आतला आहे, आणि घरभाडे त्यापेक्षा जास्त आहे.

आता यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल, तर ते पूर्ण वर्ष धरतात. आज राजीनामा दिलात तर ९ वर्षांचे, म्हणजे १५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९ या हिशेबाने सुमारे ७७,८८५ रुपये मिळतील. साडेनऊ वर्षे ओलांडून गेलात तर १० वर्षांचे, म्हणजे सुमारे ८६,५३८. दोन-अडीच महिन्यांच्या थांबण्याने साडेआठ हजारांचा फरक पडत असेल, तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून बघायला काहीच हरकत नाही.

पीएफ काढून घेऊ नका. अनेक जण नोकरी बदलताना सगळी रक्कम काढतात आणि सोबत पेन्शनचा भागही काढून मोकळे होतात. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि तुम्ही तिच्या उंबरठ्यावर आहात. जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या कंपनीला द्या आणि खाते हस्तांतरित करा, म्हणजे मागची सेवा पुढे जोडली जाईल.

ईएसआयचा मुद्दा आपण बरोबर ओळखला आहे. पगार २१,००० च्या वर गेला की नव्या नोकरीत ती योजना लागू होणार नाही आणि कंपन्यांच्या समूह विम्यात बहुधा पत्नी आणि मुलेच असतात. आई त्यात आहे का, हे लेखी विचारा. दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, परंतु रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्यात बसत नाही. तो खर्च तुमच्या सहा हजारांतूनच जाईल.

चाकणला सहा वर्षे

वरील हिशेब अचूक आहे, तरीही मी त्याच हिशेबाच्या विरुद्ध वागलो आणि मला पश्चात्ताप झालेला नाही. मी मिरजेहून आलो. पहिले दीड वर्ष कुटुंब गावीच ठेवले होते. एका खोलीत आम्ही चौघे कॉट बेसिसवर (फक्त खाटेपुरते भाडे देऊन) राहत होतो आणि त्यातले दोघे रात्रपाळीचे असल्यामुळे दिवसा खोलीत दिवा लावायचीही चोरी असे. मेस, खोली आणि दर पंधरा दिवसांनी गावी जाण्याचे भाडे धरून त्या वर्षी मी मिरजेत शिल्लक टाकत होतो त्यापेक्षा कमी पैसे टाकले. तळेगाव चौकातल्या कोंडीत कंपनीची बस अडकली की घरी यायला कामाइतकाच कंटाळा येत असे, हेही सांगून ठेवतो.

मात्र मिरजेत मी फक्त ऑफसेट (मशीनमधल्या मापांच्या दुरुस्त्या) बदलत होतो आणि तयार प्रोग्राम चालवत होतो. येथे चौथ्या महिन्यात एका ज्येष्ठ प्रोग्रामरच्या शेजारी बसायला मिळाले. पहिल्यांदा स्वतः लिहिलेला प्रोग्राम मशीनवर टाकला तेव्हा फीड ओव्हरराइडच्या (कापण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) नॉबवरून हात काढायचे धैर्य होत नव्हते आणि २२ मिनिटांचा जॉब मी पाऊण तास चालवला होता. आज माझ्या हातात ४६,००० येतात, आणि तेही दुसऱ्या कंपनीत, कारण पहिलीने मुदत संपल्यावर नूतनीकरण केले नाही. तो एक महिना घरी बसून काढावा लागला. तेव्हा तीन वर्षांची मुदत म्हणजे तीन वर्षेच, असे समजून या. पुढे काही झाले तर ते वरचे उत्पन्न.

जुना फोरमन

दोघांचेही वाचले. माझी उभी हयात गोकुळ शिरगाव आणि कागलच्या शॉपमध्ये गेली, म्हणून दोन शब्द लिहितो. चाकणला गेले की शिकायला मिळते, हे सरसकट खरे नाही. मोठ्या लाइनवर एका माणसाला एकच ऑपरेशन दिलेले असते आणि पॅरामीटरला (मशीनच्या सेटिंगला) हात लावायची परवानगी नसते. तिथे तुम्ही सेटर म्हणून जाल आणि प्रत्यक्षात पार्ट लोड-अनलोड करत राहाल, असेही घडते. म्हणून मुलाखत घेणाऱ्याला पगाराआधी हे विचारा, की मशीन किती अक्षांचे आहे, कंट्रोल (मशीन चालवणारी संगणक प्रणाली) फानुक आहे की सिमेन्स, नवा पार्ट आला की पहिला पीस कोण काढतो आणि प्रोग्राम कोण लिहितो. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर काय ते समजून घ्या.

दुसरे, आपल्या मालकाला अजून काही विचारलेले दिसत नाही. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. तुमचे ५,५०० एकेरी दराचे असतील, तर तिथेच महिन्याला तेवढीच रक्कम बुडते आहे, म्हणजे चाकणचा जवळजवळ सगळा फरक. नऊ वर्षांचा सेटर निघून गेला तर पंप बॉडीचे रिजेक्शन (नापास मालाचे प्रमाण) कुठे जाईल, हे मालकाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. भांडू नका, पत्र दाखवा आणि आकडा मागा.

मिरचीचा ठेचा

आपण घरच्या उत्पन्नात पत्नीचे चार-पाच हजार सांगितलेत, पण चाकणच्या हिशेबात ते कोणीच वजा केले नाहीत. गिऱ्हाईक गावात असते, शिलाई मशीनसोबत ते टेम्पोत चढत नाही. शिवाय धारा कोण काढणार?

शिरोलीचा सेटर

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता मागवला. त्यात प्रोत्साहन रक्कम २,००० नसून २,५०० निघाली, त्यामुळे हातात २९,४०० च्या जवळपास येतील. आईही विम्यात नाही. मशीनबद्दल विचारले तेव्हा चार अक्षांचे एचएमसी (व्हीएमसीसारखेच, पण आडव्या स्पिंडलचे मशीन) असल्याचे सांगितले, पण "प्रोग्रामिंगला वेगळी टीम आहे" असेही पुढे जोडले.

काल मालकांना पत्र दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुप्पट ओव्हरटाइमला होकार दिला, मूळ पगाराचे मात्र दिवाळीनंतर बघू म्हणाले. फोरमनकाकांचे ऐकून मी दुसरेही मागितले होते, की नवीन येणाऱ्या ट्रॅक्टर हाउसिंगचा प्रोग्राम बाहेरून करून न घेता मला करू द्यावा. त्यावर त्यांनी कॅमच्या (संगणकावर मशीनचा प्रोग्राम तयार करण्याच्या) क्लासची फी किती, एवढेच विचारले.

ठेच्याचा प्रश्न पत्नीला वाचून दाखवला. धारांचे तिच्या आधी आईनेच उत्तर दिले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. चाकणला मी रुजू होण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मागितली आहे. त्यांनी ती दिली तर तोवर साडेनऊ वर्षे ओलांडलेली असतील आणि हाउसिंगचा पहिला पीसही निघालेला असेल. नाही दिली, तर उद्या पहिल्या पाळीला मी शिरोलीत आहेच.