प्रतिसाद: चेहरा शांत ठेवला म्हणजे ताण गेला का?
बालवर्गातल्या मुख्य शिक्षिकेने आतलं काहीही चेहऱ्यावर येऊ देऊ नये, हा वरच्या चर्चेतला मुद्दा मला अर्धाच पटला. मुलांवर चिडायचं नाही, हे बरोबरच. पण राग दाबणं वेगळं आणि राग निवणं वेगळं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात लोकांना भावना चाळवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. चेहरे बऱ्यापैकी कोरे राहिले, शरीरातली खळबळ मात्र वाढली. पुढे २००३ मधल्या एमिली बटलर यांच्या प्रयोगात तर भावना दाबणाऱ्याच्या समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीचाही रक्तदाब चढला. मग दिवसभर आपल्या अवतीभवती असणाऱ्या चिमुरड्यांचं काय होत असेल!

आमच्या बालवर्गात (मी समन्वयक आहे) एक सोय केली आहे. कुणालाही असह्य झालं की 'जरा वर्ग बघ' एवढंच म्हणायचं. शेजारची सहकारी कारण न विचारता मुलांकडे बघते. सुरुवातीला कुणी वापरेना. एका पालकांशी वादावादी झाल्यावर मीच सगळ्यांसमोर ते म्हटलं, तेव्हा बाकीच्यांची भीड चेपली. अर्थात वर्गात दुसरं मोठं माणूस नसेल तर हे जमत नाही. तिथे दीर्घ श्वासाचे सल्ले देण्यापेक्षा माणसं वाढवून मागा.