‘निकालाचा निषेध’ की ‘निकालानंतरची निदर्शने’?

प्रश्न : निवडणुकीचा निकाल लागल्यावर हरलेल्या बाजूचे लोक रस्त्यावर उतरतात, तेव्हा बातम्यांत कधी ‘निषेध’, कधी ‘निदर्शने’, तर कधी ‘मोर्चा’ असे लिहिले जाते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ज्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिले, त्यांना ते सारखेच ऐकू येतात का?

प्रतिसाद १ : माझ्या मते चालत नाहीत. ‘निषेध’ हा मुळात मनाईचा शब्द आहे. ‘विधिनिषेध’ या जोडीत तो ‘हे करू नये’ एवढेच सांगतो आणि हिंदीतल्या ‘मद्यनिषेध’मध्ये आजही तोच अर्थ आहे. मराठीत ‘निषेध असो’ या घोषणेने त्याला धिक्काराच्या शेजारी नेऊन बसवले. शिवाय त्याला षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’ ही विभक्ती, लागते. कशाचा निषेध, हे सांगावेच लागते. ‘मतमोजणीतील गोंधळाचा निषेध’ म्हटले तर रोख प्रक्रियेवर राहतो. ‘निकालाचा निषेध’ म्हटले की, बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ज्यांच्या मतांनी तो निकाल लागला ते सगळे त्या षष्ठीत सापडतात, आणि सापडलेला माणूस ऐकून घेत नाही.

‘निदर्शने’ हा दाखवण्याचा शब्द आहे. ‘चूक निदर्शनास आणून दिली’ या कार्यालयीन वाक्यातला आणि रस्त्यावरचा शब्द एकच. दाखवायचे म्हणजे पाहणारा हवा, हे दोन्हीकडे गृहीत आहे. ‘मोर्चा’ मात्र रणांगणातून आला आहे, आणि ‘मोर्चेबांधणी’त समोरचा अजूनही शत्रूच असतो.

माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे उमेदवार उत्तम जानकर यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १००३ मते नोंदली गेली. जानकर मतदारसंघात निवडून आले होते, तरीही गावातले आकडे खरे नाहीत असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे होते, म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचीही सभा त्याच गावात भरली. इथे बातम्यांतला ‘गावाचा निर्णय’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. आकडे खरे असतील तर ते हजार जणही गावचेच आहेत, आणि ‘गावाने ठरवले’ या वाक्यात त्यांना जागाच उरत नाही. शंका मतदान यंत्रावर होती. ती आपल्यावर आहे असे शेजाऱ्याला वाटले, तर तो आपल्या मताला अधिकच घट्ट धरून बसेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात फुले वाड्यात ज्येष्ठ कामगार नेते बाबा आढावांनी नव्वदी ओलांडलेल्या वयात या निवडणुकीतील कथित गैरप्रकारांविरोधात उपोषण केले, त्याला त्यांनी ‘आत्मक्लेश’ म्हटले. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात त्रास स्वतःला आहे आणि विरोधी मतदारावर आरोप नाही. त्यामुळे त्यालाही जवळ येऊन विचारता येते की, हे कशासाठी?

प्रतिसाद २ : शब्द मवाळ करण्याचा आग्रह अन्याय झालेल्याचे तोंड बंद करू शकतो, याची मला काळजी वाटते. प्रक्रिया खरोखरच बिघडली असेल तर ‘निषेध’च म्हणायला हवे.

प्रतिसाद १ : म्हणावेच, आणि जोरात म्हणावे. माझा आग्रह षष्ठीपुरता आहे. ‘कौल’ शब्दाचे उदाहरण घ्या. कोकणात देवाला कौल लावतात आणि तो मनाविरुद्ध गेला तरी मानतात. ‘जनतेचा कौल’ म्हणताना ती मान्यता सोबत येते. म्हणून ‘आम्हाला कौल मान्य नाही’ हे वाक्य विरोधी मतदाराला आपल्यालाच नाकारल्यासारखे लागते. ‘कौल नीट मोजला गेला का, ते दाखवा’ असे म्हटले तर मागणी तितकीच कठोर राहते, आणि ज्याचे मत मोजले गेले त्यालाही ती स्वतःची म्हणून करता येते.