व्हायकिंग-१ चं तैलचित्र: यान मंगळावर उभं वाटत नाही

रंगपेटी
६० × ९० सेंमी कॅनव्हासवर नासाचं मंगळावर उतरलेलं यान व्हायकिंग-१ रंगवणं चालू आहे. प्रसंग २० जुलै १९७६ चा, मंगळावरच्या क्रायसे प्लॅनिशिया या मैदानावर उतरल्यानंतरची पहिली दुपार. जमीन आणि आकाश जमलंय, पण यान दुसऱ्या चित्रातून उचलून ठेवल्यासारखं दिसतं. सावलीला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि टायटॅनियम पांढरा लावलाय. समोर संदर्भ आहे तो अमेरिकेतल्या डेथ व्हॅली वाळवंटात यानाच्या मॉडेलशेजारी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन उभे असलेल्या फोटोचा. पायांच्या नळ्याही सरळ येत नाहीत. काय करावं?

तैलरंगी
गोम त्या फोटोतच आहे. मंगळावर उभ्या व्हायकिंगचा जवळून काढलेला फोटो कुणाकडेच नाही, मिळतात ते पृथ्वीवरच्या मॉडेलचे. इथे सावलीत निळं आकाश उतरतं. मंगळावर हवेतल्या धुळीमुळे आकाश पिवळट-गुलाबी, त्यामुळे सावलीतला उजेडही तसाच. नासाने पहिला रंगीत फोटो दाखवला तेव्हा त्यातही आकाश निळसर होतं, रंग नीट जुळवल्यावर ते बदललं.

यानाचा रंग फिकट करडा धरा. उन्हातल्या बाजूला पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कणभर रॉ अंबर (मातकट तपकिरी). सावलीत रॉ अंबर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), ऑकर. अल्ट्रामरीन फक्त सिएनाचा भडकपणा मारण्यापुरता. सावलीतल्या वर तोंड केलेल्या पृष्ठभागांत आकाशाचंच मिश्रण थोडं मिसळा. पोटाखाली मात्र जमिनीचा उजेड येतो, तिथे सिएना वाढवा.

कुंचला७
निळा थर खरवडू नका. तो पूर्ण वाळू द्या, मग बर्न्ट सिएनात थोडं जवसाचं तेल घालून पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर, फिरवा. सिएना पारदर्शक आहे, खालच्या निळ्यावर बसला की उबदार करडा होतो. तेल जास्त झालं तर थर सुरकुततो आणि पुढे पिवळा पडतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत वाळायला बराच जास्त वेळ लागतो, घाई नको.

नळ्यांसाठी लांब केसांचा रिगर ब्रश, शून्य किंवा एक नंबर, आणि हाताखाली आधाराची काठी. रंग दुधाच्या सायीइतका पातळ हवा. रेघ मनगटाने नाही, खांद्यापासून एका झटक्यात ओढा. मास्किंग टेप टाळा. अर्धवट वाळलेला रंग उचलते आणि कडेला उंचवटा ठेवते.

तैलरंगी
आणखी एक. पहिली दुपार असेल तर माती उचलणारा हात लांब केलेला दाखवू नका, माती २८ जुलैला घेतली. उतरताना तिथे दुपारचे चारच्या सुमारास वाजले होते, म्हणजे सावल्या पूर्वेकडे लांब. सूर्याची चकती पृथ्वीवरून दिसते त्याच्या दोन तृतीयांश, म्हणून सावलीची कड जरा धारदार ठेवा. एक पाय मऊ मातीत रुतलाय, तो वाळूत गाडलेलाच रंगवा. अँटेनाची थाळी ७६ सेंमी आणि पायांची तबकडी सुमारे ३० सेंमी, हे प्रमाण आधी कागदावर पक्कं करा.

रंगपेटी
यानाचा हात मिटवलेला दाखवतो. ग्लेझ आधी जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर करून बघतो.