चेतासंधी अर्धीच का शिकवायची?

जुईची आई, वडाळा
लेकीच्या नीटच्या क्लासच्या नोट्स चाळल्या. चेतासंधी, म्हणजे एक चेतापेशी पुढच्या पेशीला किंवा स्नायूला निरोप देते ती जागा, चार ओळींत उरकलीय: आवेग (विजेचा संदेश) येतो, कॅल्शियम आत शिरतं, रसायनाच्या इवल्या पिशव्या फुटतात, ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन बाहेर. संपलं! रिकाम्या पिशव्यांचं पुढे काय, पत्ताच नाही. चेताटोकाशी साठा मोजका. नवा माल पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत यायचा तर वेगवान वाहतुकीलाही दोन दिवसांहून जास्त लागतात. त्याच पिशव्या तिथल्या तिथे पुन्हा भरल्या नाहीत तर दादरचा पूल चढणंही होणार नाही. हे शिकवायलाच हवं.

क्लासवाला, दादर
ताई, पोरांना कॅल्शियम नीट कळलं तरी गंगेत घोडं न्हालं. 'आवेग आला म्हणून पारेषक (ते निरोप्या रसायन) सुटला' एवढंच लिहून येतात. कॅट्झ आणि मिलेडी यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर दाखवलं, की कॅल्शियम आवेगाच्या जरा आधी दिलं तर पारेषक सुटतो, नंतर दिलं तर शून्य उपयोग. त्याच वर्षी डॉज आणि राहामिमॉफ यांचा हिशोब आला: कॅल्शियम मुळात कमी असताना ते आणखी निम्म्यावर आणलं, तर पारेषक साधारण सोळाव्या हिश्शावर येतो. एवढं डोक्यात शिरू दे आधी. पिशव्यांच्या फेऱ्यावर तर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही.

परळची निवासी डॉक्टर
सरांना अनुमोदन. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात त्या आजाराच्या) बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं तेव्हा आम्ही अधूनमधून गुडघ्यावर हातोडी मारून बघतो. पाय उडाला नाही की पुढचा डोस थांबवायचा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलंच असतं. मॅग्नेशियम चेताटोकात कॅल्शियमची वाट अडवतं, म्हणून हा खटाटोप. रात्री तीनला मला पिशवी कुठे गेली याच्याशी काही देणंघेणं नसतं.

माशीवाला
डॉक्टर, मग शिबिरे नावाची फळमाशी बघाच. तिच्या डायनॅमिन प्रथिनात, म्हणजे पिशवी खुडणाऱ्या प्रथिनात, उत्परिवर्तन आहे. तापमान ३० अंशांच्या आसपास नेलं की बघता बघता लुळी पडते, गार केलं की उठून चालू लागते. (मे महिन्यात मुंबईत हिचं काही खरं नाही.) कॅल्शियम आत येतंय, पिशव्या फुटतायत, पण पटलातून (पेशीच्या पातळ आवरणातून) नवी पिशवी खुडली जात नाही. साठा संपला, कारभार आटोपला. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी याच माशांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि दादरच्या पोरांना त्याचा गंध नाही!

क्लासवाला, दादर
गंध नाही कसा? आरेच्या दुधाच्या जुन्या काचेच्या बाटल्यांचं उदाहरण देतो की मी. रिकामी परत, भरून पुन्हा.

माशीवाला
तिथेच तर घोळ आहे, सर. १९७३ मध्ये ह्यूझर आणि रीझ म्हणाले, पिशवी पटलात पुरती मिसळते, मग क्लॅथ्रिन प्रथिनाच्या जाळीने नवी ओढून काढली जाते. म्हणजे बाटली उरतच नाही. त्याच वर्षी चेकारेल्ली आणि सहकारी म्हणाले, तोंड क्षणभर उघडतं आणि मिटतं. बाटली शाबूत आहे ती यांच्याकडे. २०१३ मध्ये वातानाबे वगैरेंनी उंदराच्या चेतापेशींत ५० ते १०० मिलिसेकंदांत पटल परत ओढलं जाताना पकडलं. आणि तुमचं लाडकं कॅल्शियम इथेही आहेच: ते कॅल्सिन्यूरिन या विकराला जागं करतं, कॅल्सिन्यूरिन डायनॅमिनवरचा फॉस्फेट काढतं, की डायनॅमिन पिशव्या खुडायच्या कामाला लागतं. दोन धडे वेगळे करणार कसे?

क्लासवाला, दादर
बरं, माशी घेतो, कॅल्सिन्यूरिनही घेतो. १९७३ चं भांडण नाही घेणार. त्यावर एमसीक्यू काय काढू?

जुईची आई, वडाळा
पर्याय ड: वरीलपैकी सर्व.