नको असलेले गरोदरपण आणि चुकलेल्या तपासण्या

घणसोलीची गृहिणी:
काल येथे ऐरोलीकरांनी लिहिले की, ज्या बाईला मूलच नको असते ती तपासणीला जातच नाही, तेव्हा आशाताईंनी तिच्या दारी खेटे घालणे व्यर्थ आहे. माझे तिसरे गरोदरपण नको असताना राहिले. दिवस गेल्याचे मला सहाव्या आठवड्यातच कळले होते. परंतु ठेवायचे की नाही, सासूबाईंना सांगायचे की नाही, या घालमेलीत बारा आठवडे उलटले. माझ्या कार्डावर पहिल्या तिमाहीचा रकाना आजही कोरा आहे, मात्र त्यापुढची एकही तपासणी मी चुकवलेली नाही. हिला बेफिकिरी म्हणायचे काय?

ऐरोलीकर:
ताई, एका कार्डावरून देश ठरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुले) २.० आणि इच्छित प्रजनन दर (नको असलेली मुले वगळून) १.६ आहे, आणि किमान चार तपासण्या करून घेणाऱ्या माता जेमतेम ५८ टक्के. आणखी काय सांगायला हवे?

कळव्याचे निवृत्त मास्तर:
दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे एकामुळे दुसरा झाला, असे होत नाही. नको असलेले मूल बहुधा तिसरे-चौथे असते आणि त्या खेपेला मूल हवे असले तरी बाई कमीच जाते, कारण आधीची लेकरे कोणाच्या गळ्यात घालणार? शिवाय 'मूल हवे होते काय' हा प्रश्न सर्वेक्षणात बाळंतपणानंतर विचारतात. मांडीवरच्या लेकराला 'नको होते' म्हणणाऱ्या किती आया भेटतील?

दिव्याची नोकरदार:
आकडे राहू द्या. गर्भपातासाठी गेले असता एका दवाखान्याने मला 'पतीची सही आणा' म्हणून परत पाठवले. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, हे मला पुढे समजले. त्या सहीपायी दोन आठवडे गेले, घरात भांडण झाले आणि अखेर मूल ठेवले. पाचव्या महिन्यापर्यंत मी तपासणीला गेले नाही, ते मूल नको होते म्हणून नव्हे, तर त्या खिडकीसमोर पुन्हा उभे राहायचे नव्हते म्हणून.

ऐरोलीकर:
उद्या नातेवाईक दवाखाना फोडायला आले तर डॉक्टरांच्या बाजूने आपण उभ्या राहणार आहात काय? सही त्या भीतीपोटी मागतात.

दिव्याची नोकरदार:
डॉक्टरांना भीती वाटते म्हणून कायदा माझ्यापुरता बदलतो, असे आपले म्हणणे आहे काय?

घणसोलीची गृहिणी:
त्याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कलमातला 'पती' जाऊन 'जोडीदार' आला, तरी खिडकीवर अजून पतीच हवा! ऐरोलीकरांनी तिथे एकदा रांगेत उभे राहून पाहावे.

ऐरोलीकर:
बरे, 'व्यर्थ' हा शब्द चुकला. आनंद झाला असेल. पण तीनदा जाऊनही जी दार उघडत नाही, तिचे काय करायचे?

दिव्याची नोकरदार:
चौथ्यांदा जायचे, आणि सासूसमोर विचारायचे नाही. आमच्याकडच्या आशाताई पाणी मागायच्या निमित्ताने थेट ओट्यापाशी आल्या, तांब्या हातात असतानाच हळू आवाजात पाळीची तारीख विचारून गेल्या आणि पुढच्या मंगळवारी मी नोंदणीच्या रांगेत होते.